वाचकांचे प्रश्न: भरीव बांबूचं डोंगरातलं घराणं

गेल्या अंकात सातपुड्यातल्या मानवेल बांबूवर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक वाक्य टाकलेलं की अमेरिकेच्या डोंगरांत चुस्केआ नावाची बांबूची एक प्रजाती आहे आणि तिच्या बहुतेक सगळ्या जातींची काठी आतून भरीव असते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतोय. मनापासून आनंद झाला, कारण बांबू म्हटलं की आपल्याकडे बोलणं सरकारी योजना आणि एकरी उत्पन्न याच्या पुढं जातच नाही.

प्रश्न: बांबू म्हणजे आशियातलं गवत असंच आम्ही मुलांना शिकवत आलो. अमेरिकेत बांबू कुठून आला, आणि हा चुस्केआ नेमका राहतो कुठं?
(निवृत्त शिक्षक, अमळनेर)

गुरुजी, अमेरिकेत बांबू कुणी नेलेला नाही, तो तिथलाच आहे. आशियात बांबू जास्त आहेत हे खरं, पण दक्षिण आणि मध्य अमेरिकेतही बांबूच्या शेकडो जाती आपल्या आपण वाढलेल्या आहेत आणि त्यात सगळ्यात मोठं घराणं चुस्केआचं, साधारण 200 जातींचं. आशियात किंवा आफ्रिकेत यातली एकही जात मुळची नाही. हम्बोल्ट आणि बोंप्लां हे दोघं युरोपातले निसर्ग-संशोधक 1799 ते 1804 या काळात दक्षिण अमेरिका फिरले, हजारो वनस्पतींचे नमुने सोबत नेले, ते नमुने अभ्यासण्याचं मोठं काम कुंट या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं केलं आणि त्यानंच 1822 मध्ये ही प्रजाती शास्त्रीय नावानिशी मांडली.

राहतो कुठं हा तर माझ्या आवडीचा प्रश्न. नकाशा समोर घ्या. वर मेक्सिको, तिथून मध्य अमेरिकेचे डोंगर, मग अँडीजची सगळी रांग धरून खाली खाली चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिणेपर्यंत, शिवाय ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडचं ओलं जंगल आणि कॅरिबियन बेटं. एक जात तर चिलीच्या किनाऱ्यापासून साडेसहाशे किलोमीटरच्या पलीकडे समुद्रात असलेल्या हुआन फर्नांदेस बेटांवरच सापडते, जगात दुसरीकडे कुठंच नाही. पण नकाशावर एवढा पसरलेला दिसला तरी त्याचं मन रमतं ते उंचावर. डोंगरउतारावरचं असं जंगल की ज्यात रोज ढग शिरतात, झाडांच्या खोडांवर शेवाळ लोंबतंय, जमीन कधी पूर्ण वाळतच नाही, ऊन आलं तर तासभर आणि तेही कोवळं. अशा ढगांच्या जंगलात मोठ्या झाडांच्या खाली चुस्केआची दाटी असते. बऱ्याच जाती स्वतः ताठ उभ्या राहत नाहीत, शेजारच्या झाडावर रेलतात, फांद्यांवरून चढत जातात आणि परत खाली लोंबतात, त्यामुळं तिथून माणसाला वाट काढणं फार अवघड जातं.

त्याच्याही वर, झाडं जिथं संपतात तिथं अँडीजमध्ये पारामो नावाचा गवताळ, थंड, वाऱ्याचा पट्टा लागतो. तिथंही चुस्केआ आहे, पण ठेंगणा, घट्ट, झुडपासारखा. चार हजार मीटरच्या वर जाणारा बांबू याच घराण्यातला, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही जास्त उंचीवर. कोस्टा रिकात चिर्रिपो नावाचा 3820 मीटरचा डोंगर आहे, त्याच्या माथ्याकडचा बराचसा भाग चुस्केआच्या एकाच जातीनं व्यापलाय. 1976 साली तिथे मोठा वणवा लागला होता, आणि अशा वणव्यानंतर तिथं जमिनीखालच्या गड्ड्यातून परत फुटून येणारं पहिलं जे काही असतं त्यात हा बांबू असतो. मार्च-एप्रिलात सातपुड्याचे डोंगर रात्री पेटलेले आपण बघतो ना, आणि पहिल्या पावसानंतर जळालेल्या बेटातून मानवेलचे कोंब वर येतात, तसंच ते.

अजून एक सांगायचं राहील म्हणून इथंच लिहितो. या प्रजातीत 2009 पासून एक गट सामील केलाय जो आधी वेगळा धरत होते. त्या गटातल्या काठ्यांना फांद्याच फुटत नाहीत, आणि काही जातींची पानं तीन मीटरच्या पुढं लांब जातात. गवताच्या सगळ्या कुळात इतकं मोठं पान दुसऱ्या कुणाचं नाही. ज्वारी, ऊस, गहू, कुंदा, हराळी सगळे या एकाच कुळातले, हे मुलांना सांगताना ते तीन मीटरचं पानही जरूर सांगा.

प्रश्न: आमच्या प्रॅक्टिकलला मानवेल कापला तर तोही आतून भरीव निघाला. मग चुस्केआचं वेगळेपण काय? आणि बांबू पोकळ किंवा भरीव कशामुळं होतो?
(बीएस्सीची विद्यार्थिनी, शहादा)

ताई, कापून बघितलंस हे फार आवडलं. आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा त्याच्या आत मऊ भेंड भरलेलं असतं, पोकळी नसते. मग कांडी भराभर लांबायला लागतात, बाहेरची भिंत वाढते पण आतलं भेंड त्या वेगानं वाढत नाही, ते फाटतं, सुकतं, भिंतीला चिकटून राहतं आणि मधे पोकळी उरते. फक्त पेरावर, गाठीच्या जागी आडवा पडदा शिल्लक राहतो. चुस्केआत भेंड फाटतच नाही, काठी पूर्ण वाढली तरी मधला गाभा भरलेला असतो, आणि हे थोडे अपवाद सोडले तर घराण्यातल्या सगळ्या जातींत असतं. मानवेलचं तसं नाही. तो सातपुड्यासारख्या कोरड्या, खडकाळ, कमी पावसाच्या उतारावर वाढला तर भरीव किंवा जवळपास भरीव होतो, आणि तोच मानवेल ओल्या, खोल मातीच्या जागी लावला तर जाड भिंतीचा पण पोकळ निघतो. म्हणजे तू कापलेली काठी भरीव निघाली ती मुख्यतः तुमच्या शहाद्याकडच्या डोंगरामुळं, आणि चुस्केआ भरीव असतो तो त्याच्या घराण्यामुळं. तोरणमाळच्या वाटेवरच्या उतारावरची एक आणि ओढ्याकाठची एक अशा दोन काठ्या मिळवून परत कापून बघ, फरक दिसायची चांगली शक्यता आहे, तुझ्या प्रोजेक्टला विषयही होईल. फक्त जंगलातली काठी तोडू नकोस हं, वनरक्षकांना विचारून वाळलेली पडलेली घे, नाहीतर शेताच्या बांधावरची.

पण माझ्या मते चुस्केआचं खरं नवल काठीच्या आत नाहीच, ते पेरावर आहे. उसाचं बेणं आठव, प्रत्येक पेरावर एकच डोळा. बहुतेक बांबूंचंही तसंच, पेराला एक मुख्य डोळा आणि त्यातूनच पुढं सगळ्या फांद्या निघतात. चुस्केआच्या एकाच पेरावर मात्र अनेक डोळे असतात, मधे एक मोठा आणि त्याच्या बाजूंना किंवा खाली बारीक डोळ्यांची ओळ, काही जातींत तर ही ओळ पेराला जवळजवळ वेढाच घालते. मग त्या बारीक डोळ्यांतून फांद्यांचा झुपका बाहेर पडतो, आणि काही जातींत हे फुटवे पानाचं आवरण बाजूला सारत नाहीत, त्याला भोक पाडून सरळ बाहेर येतात! मधला मोठा डोळा बरेचदा झोपून राहतो आणि जागा झाला तर एखादी फांदी मुख्य काठीएवढी जाड होते. ढगांच्या जंगलात जिथं उजेडाची एवढी मारामारी, काठी कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेली, वरून झाड पडलं की मोडलेली, तिथं पेरापेरावर इतके डोळे राखून ठेवणं किती उपयोगाचं पडत असेल. भरीवपणाचंही मला पटणारं कारण तेच आहे की बारीक पोकळ नळी वाकली की चेपते आणि तिथंच मोडते, भरलेली काठी वाकून लोंबकळत राहू शकते.

प्रश्न: पोकळ बांबूची बासरी होते. भरीव बांबूच्या मुलखात लोक वाजवतात काय?
(भजनी मंडळातले बासरीवादक, चोपडा)

वाजवतात, बुवा! चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात मापुचे नावाचा आदिवासी समाज आहे, त्यांच्या जंगलात चुस्केआची जी जात आहे तिला तिकडं कोलीहुए म्हणतात, उंची पाच-सहा मीटर, जाडी तीन-चार सेंटीमीटर, पिवळसर गुळगुळीत काठी. त्यांचं त्रुत्रुका नावाचं वाद्य याच काठीचं. लांबच लांब काठी घेतात, ती उभी चिरून दोन फाळ्या करतात, दोन्हीतलं भेंड कोरून काढतात, परत जोडून बांधतात आणि वरून जनावराचं आतडं चढवतात म्हणजे हवा गळत नाही, आणि टोकाला बैलाचं शिंग. आवाज तुतारीच्या जवळ जाणारा. आपल्याला निसर्गानं पोकळी तयार दिली, त्यांनी ती हातानं कोरली, या कामाचं मला फार कौतुक आहे. याच काठ्यांचे भाले करून मापुचे लोक स्पॅनिश फौजांशी पिढ्यान् पिढ्या लढले. आजही तिकडं कुंपणाला, फर्निचरला कोलीहुए वापरतात.

प्रश्न: त्या बांबूच्या जंगलात कोणते प्राणी राहतात? पांडा असतो का?
(इयत्ता सहावी, नंदुरबार)

पांडा नाही बाळा, पांडा चीनमधला. पण अँडीजच्या जंगलात डोळ्यांभोवती पांढरट कडी असलेलं अस्वल आहे, ते चुस्केआचे कोवळे गाभे खातं. आणि चिलीत मोनितो देल मोंते नावाचा उंदराएवढा छोटा प्राणी आहे, कांगारूसारखा पिल्लांना पिशवीत ठेवणारा. तो चुस्केआची पानं विणून गोल घरटं करतो, आतून शेवाळाचं अस्तर लावतो आणि कडक थंडीत तिथं गुरफटून झोपून राहतो. बांबूचं पान पाण्यानं लवकर कुजत नाही, म्हणून बाहेरून पानं आणि आतून शेवाळ. चित्र काढून पाठवशील का?

प्रश्न: रावेरकडे केळीला टेकू म्हणून दरवर्षी बांबू विकत घ्यावे लागतात, वादळ आलं की पोकळ बांबू मोडतो आणि घडासकट केळ आडवी. ऑनलाइन ‘भरीव परदेशी बांबू’ म्हणून बियांची पाकिटं विकताय. भाऊ, आमना वावरमा हाई जमी का?
(केळी उत्पादक, रावेर)

नाही जमणार, आप्पा, आणि ते पाकीट घेऊ नका. चुस्केआच्या जाती अनेक दशकांतून एकदा फुलतात. मग त्याचं ताजं बी बाराही महिने पाकिटात येणार कुठून? त्यात नेमकं काय निघेल ते उगवल्यावरच कळेल, आणि तोवर तुमचं वर्ष गेलं.

समजा खरं रोप मिळालंच, तरी मे महिन्यात जळगाव-रावेरचा पारा 45 च्या पुढं जातो, आणि चुस्केआ ढगात वाढलेला. चिलीच्या वाल्दिव्हिया भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः थंडीत, आणि उन्हाळा इतका सौम्य की आपल्याला हिवाळा वाटेल. ब्रिटन-आयर्लंडच्या बागांत कोलीहुए छान वाढतो कारण तिथं उन्हाळा थंड असतो. त्याला बर्फ सोसतं, आपलं ऊन नाही. ठिबक लावलं तरी मुळाशी पाणी मिळेल, पानाला लागणारी गार दमट हवा कुठून आणणार.

शिवाय भरीव म्हणजे मजबूत असं सरसकट नसतं. चुस्केआचा गाभा भेंडाचा असतो, ताकद बाहेरच्या कडक थरात, आणि काठी बोटभर ते मनगटाएवढी. केळीच्या घडाला टेकू म्हणून चांगल्या जागी वाढलेला, तीन वर्षं पिकलेला मानवेलच उजवा, लाठी उगाच त्याची करत नाहीत. बांधावर, मुरमाड किंवा हलक्या निचऱ्याच्या तुकड्यात लावा, तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत जिथं पाणी साचतं तिथं नको, तिथं तो कुढतो. दोन बेटांत चार-पाच मीटर जागा ठेवा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून काढणी सुरू करा, पण कापायच्या त्या जुन्या, तीन वर्षांच्या काठ्या, यंदाचे आणि गेल्या सालचे कोंब राखायचे, बेट तेच उभं ठेवतात. 2017 मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघालाय, त्यामुळं स्वतःच्या शेतातल्या तोडीची पूर्वीची कटकट राहिलेली नाही. वर्षाचा टेकूचा खर्च मांडा आणि बांधावर किती बेटं बसतात ते मोजा, चार-पाच वर्षांनंतरचा हिशोब तुमच्या बाजूनं येईल असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न: आमच्या डाबला थंडीत दवबिंदू गोठतात, गवतावर पांढरा थर दिसतो. मग तिथं तरी चुस्केआ येईल ना?
(अक्कलकुवा तालुक्यातला तरुण)

मित्रा, तुझा तर्क चांगलाय, पण डाबला दव गोठतं ते डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटे. दुपारी ऊन पडतं, आणि पुढं फेब्रुवारीपासून जूनपर्यंत डोंगर कोरडा ठणठणीत, पानगळ झालेली. चुस्केआला थंडी चालते, हे कोरडे महिने चालत नाहीत. आपल्या देशात त्याच्या जवळपास जाणारी हवा शोधायची तर सिक्कीम-दार्जिलिंगच्या ओल्या उतारांवर जावं लागेल, आणि तिथं त्यांचे स्वतःचे बारीक डोंगरी बांबू आहेत, तांबडा पांडा त्यावरच जगतो, तिथंही हा पाहुणा कुणी नेऊ नये. तुमच्याकडे काठीच्या राजवाडी होळीला उंच बांबू उभा राहतो, बांबूची जाण तुमच्या घराघरात आहे, तर आसपासच्या उतारांवर कोणते बांबू आहेत, कुठल्या पाड्याजवळ किती बेटं उरलीत, याची नोंद कर ना. मोबाइलवर फोटो, जागा आणि तारीख एवढं पुरतं. परदेशी रोप जगवण्यापेक्षा मला ते काम मोठं वाटतं.

प्रश्न: बांबू फुलला की दुष्काळ पडतो असं आमच्या आजी म्हणायच्या. चुस्केआ फुलल्यावरही तसंच होतं का?
(गृहिणी, धुळे)

आजींच्या म्हणण्यात तथ्य आहे, ताई. पाऊस बांबूच्या फुलण्यानं थांबत नाही, पण धान्य मात्र जाऊ शकतं, आणि ते उंदरांमुळं. एखादी जात शेकडो चौरस किलोमीटरवर एकदम फुलते, जमिनीवर बियांचा सडा पडतो, उंदरांना अमाप खाणं मिळतं, त्यांची संख्या भडकते, आणि बी संपलं की ते शेतात आणि घरात शिरतात. मिझोराममध्ये 1958-59 ला मुळी बांबू फुलल्यावर उंदरांनी पिकं फस्त केली, उपासमार झाली, आणि त्या वेळी मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच पुढं मिझो नॅशनल फ्रंट निघाला. 2006 ते 2008 मध्ये तो परत फुलला.

कोलीहुएचंही तसंच. फुलण्याचा काळ साधारण 60-70 वर्षांचा धरतात, म्हणजे माणसाच्या आयुष्यात एकदा. 2000-2001 मध्ये अर्जेंटिनाच्या लानीन राष्ट्रीय उद्यानाकडे तो मोठ्या पट्ट्यात फुलला, बी झालं आणि सगळी बेटं वाळली. तिकडं लांब शेपटीचा एक उंदीर आहे जो हांता विषाणू पसरवतो, आणि तो आजार जीवघेणा आहे, त्यामुळं बांबू फुलला की तिथल्या लोकांना सावध करतात, बंद पडलेली घरं-गोदामं आधी उघडून हवा खेळवा, कोरडा झाडू मारू नका, असं सांगतात. पण मापुचे लोक हेच बी गोळा करून त्याचं पीठही करत आले. आणि जंगलासाठी तर तो मोठा सोहळाच असतो, कारण चुस्केआच्या दाट सावलीत तिथल्या मोठ्या झाडांची रोपं वर येऊच शकत नाहीत. बांबू मेला की उजेड जमिनीवर पोचतो आणि पुढची काही वर्षं त्या रोपांची. जंगलात कोणती झाडं कुठल्या पिढीत वाढली ते बऱ्याच अंशी बांबूच्या या मरण्यावर ठरतं.

मानवेल साधारण 25 ते 45 वर्षांनी फुलतो, कधी एखादं बेट, कधी अख्खं रान. फुललेलं बेट मरणारच, तर घाबरून आधीच तोडून टाकू नका. बी पिकून गळेपर्यंत थांबा, खाली साडी किंवा ताडपत्री अंथरून गोळा करा, पाखडून सावलीत सुकवा, घरात मात्र पोत्यात उघडं ठेवू नका, डब्यात बंद ठेवा. ताज्या बियांची उगवण चांगली असते, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधीच पिशव्यांत टाका, आणि जास्त निघालं तर वन विभागाच्या जवळच्या रोपवाटिकेत कळवा, त्यांनाही हवंच असतं.